कुलूपबंद घराचा नकाशा

मुंबईत डोंगरी-उमरखाडी भागात एक जुना तुरुंग होता. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी शिक्षा भोगली ती इथेच. आगरकरांनी त्या १०१ दिवसांवर पुस्तक लिहिलं, म्हणून मराठी वाचकाला हा तुरुंग निदान नावाने तरी ठाऊक असतो. पुढे ही वास्तू मुलांच्या गृहासाठी वापरात आली. १९२७ साली स्थापन झालेली चिल्ड्रन्स एड सोसायटी तिथला कारभार पाहू लागली आणि मुंबईकरांच्या तोंडी ‘डोंगरी’ म्हणजे रिमांड होम हे समीकरण पक्कं झालं.

बाल न्याय अधिनियमाखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांत एक स्पष्ट अट आहे: बाल संगोपन संस्था मुलांना आपलीशी वाटणारी असावी आणि कोणत्याही प्रकारे तुरुंगासारखी किंवा लॉकअपसारखी दिसू नये. त्याच नियमांत उंच भिंत आणि काटेरी तारेचं कुंपणही मागितलं आहे. नवं निरीक्षणगृह किंवा विशेष गृह बांधायला निघालेली संस्था, तिचा वास्तुविशारद आणि महिला व बाल विकास विभागाचे अधिकारी या दोन अटींच्या मध्ये अडकतात. सहसा जिंकते ती भिंत, कारण ती मोजता येते, तिचं बिल काढता येतं आणि मूल पळालं तर ‘भिंत बारा फुटांची होती’ असं उत्तर देता येतं.

मुलाला आत ठेवायचं असतं ते उपचार, शिक्षण आणि समुपदेशन यांसाठी. म्हणून नकाशा तपासण्याची सोपी रीत अशी की एक मूल डोळ्यांसमोर आणावं आणि पहाटेपासून दुसऱ्या पहाटेपर्यंत ते कुठे कुठे जाईल, कुठे थांबेल, कुठे एकटं पडेल, ते कागदावर बोटाने फिरून पाहावं. चौरस फूट बरोबर असूनही दिवस अडखळत असेल तर इमारत चुकली असं समजावं.

आधी इथे राहणार कोण, हे ठरवावं लागतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे चौकशी सुरू असलेली मुलं निरीक्षणगृहात, तर बाल न्याय मंडळाने आदेश दिलेली मुलं विशेष गृहात राहतात. १६ ते १८ वयाच्या ज्या मुलांवर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप आहे किंवा तो सिद्ध झाला आहे, त्यांच्यासाठी प्रत्येक राज्यात किमान एक ‘सुरक्षित स्थान’ असायला हवं. तिथे अठरा ओलांडलेलेही असतात. चौकशीतले आणि दोषी ठरलेले यांची व्यवस्था वेगळी हवी, असं कलम ४९ सांगतं. व्यसन किंवा मानसिक आजार असलेल्या मुलाला उपचाराच्या ठिकाणी हलवण्याची तरतूद कलम ९३ मध्ये आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ नुसार रुग्णालयात दाखल झालेल्या अल्पवयीनाला प्रौढांपासून वेगळं आणि त्याच्या वयाला साजेशा वातावरणात ठेवणं बंधनकारक आहे. प्रत्यक्षात मात्र व्हाइटनर हुंगणारं, रात्री दचकून उठणारं मूल आधी येतं ते निरीक्षणगृहातच. तेव्हा पाटी कोणतीही असो, बांधकाम करताना हे उपचारांचंही घर आहे असंच धरून चालावं.

आदर्श नियमांत पन्नास मुलांच्या संस्थेसाठी जागेचा तक्ता दिला आहे. पंचवीस मुलांचा एक असे एक हजार चौरस फुटांचे दोन शयनकक्ष, तीनशे फुटांचे दोन वर्ग, दहा मुलांची साडेसातशे फुटांची रुग्णखोली, आठशे फुटांचं भोजनगृह, पाचशेचं ग्रंथालय, ११२५ फुटांच्या दोन कार्यशाळा. सात मुलांमागे एक शौचालय आणि दहा मुलांमागे एक न्हाणीघर. आपल्या राज्याचे स्वतंत्र नियम आणि ताजे बदल पाहणं आवश्यक आहेच, पण तक्ता म्हणून हा पाया चांगला आहे. अडचण तो किमान न मानता आदर्श मानल्यावर सुरू होते.

शयनकक्षाचा हिशेब करू. एक हजार भागिले पंचवीस म्हणजे मुलामागे चाळीस चौरस फूट. साडेसहा बाय तीनचा पलंगच जवळजवळ वीस फूट खातो. उरलेल्या वीस फुटांत वाट, कपाट आणि दोन पलंगांमधलं अंतर. शेजारच्याचा हात झोपेत आपल्या अंगावर पडेल इतकं जवळ निजणं मारामारीला आणि त्याहून वाईट गोष्टींनाही निमंत्रण असतं. न्हाणीघराचंही तसंच. दहा मुलं, एक नळ, प्रत्येकी दहा मिनिटं धरली तरी एक तास चाळीस मिनिटं जातात. आठला वर्ग भरवायचा असेल तर शेवटच्या मुलाची आंघोळ घाईत उरकते आणि रांगेतला दांडगा मुलगा रोज पहिला असतो. दोन न्हाणीघरं जास्त बांधायला फार खर्च येत नाही, पण सकाळची निम्मी भांडणं तिथे मिटतात.

तक्त्यातला सर्वांत तोकडा आकडा समुपदेशनाच्या खोलीचा आहे. पन्नास मुलांना मिळून एक खोली, १२० चौरस फूट. प्रत्येक मुलाला आठवड्याला एक तास द्यायचा म्हटलं तर पन्नास तास लागतात. आठवड्याचे सहा दिवस रोज आठ तास खोली अखंड चालली तरी अठ्ठेचाळीसच होतात. शिवाय मुलं दिवसा शाळेतही असतात. मग समुपदेशक व्हरांड्यात, भोजनगृहाच्या कोपऱ्यात किंवा अधीक्षकांच्या टेबलासमोर बसून बोलतो, आणि घरात बापाने काय केलं ते मूल तिथे सांगत नाही. अशा संस्थेत किमान तीन छोट्या खोल्या असाव्यात. आवाज बाहेर जाऊ नये, पण दाराला काचेची उभी पट्टी असावी, म्हणजे आत काय चाललं आहे ते दिसेल आणि ऐकू येणार नाही. आई-वडिलांच्या भेटीसाठी तर या तक्त्यात वेगळी खोली दिसतच नाही. एस.टी.ने चार तास प्रवास करून आलेल्या आईला फाटकापाशी बाकड्यावर बसवणं हा नकाशातला दोष आहे आणि तो नकाशातच दुरुस्त करावा.

संस्थेचा आकार हा या साऱ्याच्या आधीचा निर्णय. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात बूनव्हिल इथे मुलांची एक भलीमोठी सुधारशाळा होती. तिथल्या हिंसाचारामुळे ती १९८३ साली बंद झाली. नंतर त्या राज्याने मुलांच्या घराजवळ छोट्या छोट्या संस्था काढल्या. त्यांत दहा-बारा मुलांचा एक गट एकत्र झोपतो, शिकतो, जेवतो आणि तेच काळजीवाहक कायम त्या गटाबरोबर असतात. पलंगांवर रंगीत पांघरुणं, भिंतींवर मुलांची चित्रं, बसायला सोफे. ही पद्धत पुढे अमेरिकेत इतरत्र उचलली गेली. नॉर्वे आणखी पुढे गेला: तिथल्या तुरुंग व्यवस्थेत प्रत्येकी चारच जागांचे दोन युवा विभाग उभारले गेले. आपल्याकडे चार मुलांसाठी इमारत बांधणं परवडणारं नाही. पण पन्नासची संस्था बारा-तेराच्या चार घरांत विभागणं शक्य आहे. प्रत्येक घराला स्वतःचं शयन, न्हाणी आणि बसायची जागा. स्वयंपाकघर, कार्यशाळा आणि मैदान सगळ्यांचं एक. वयोगट वेगळे ठेवण्याची नियमातली अट यातून आपोआप पाळली जाते, आणि दोन गटांत वैर झालं तर त्यांना वेगळं ठेवण्यासाठी कुणाला खोलीत कोंडावं लागत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९० साली स्वातंत्र्य गमावलेल्या बालकांच्या संरक्षणासाठी नियम मंजूर केले. त्यांना हवाना नियम म्हणतात. झोपायची जागा छोट्या गटाची किंवा एकट्याची असावी, रात्री देखरेख नियमित पण मुलाच्या अंगावर न येणारी असावी, शौचालयात खासगीपणा असावा, वैयक्तिक वस्तू ठेवायला जागा असावी, असं ते सांगतात. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो. पण ज्या मुलाचं सगळं काढून घेतलं आहे त्याला कुलपाचा एक कप्पा मिळाला, तर चोऱ्या आणि त्यावरून होणारी भांडणं दोन्ही कमी होतात. किल्लीची दुसरी प्रत काळजीवाहकाकडे असली की झालं.

देखरेखीचं बांधकाम म्हणजे मुख्यतः नजरेच्या रेषा. काळजीवाहक जिथे बसतो तिथून शयनकक्षाचं दार, न्हाणीघराचा प्रवेश आणि बसायची जागा, तिन्ही दिसली पाहिजेत. ‘एल’ आकाराचा व्हरांडा, जिन्याखालची पोकळी, टाकीमागचा बोळ या जागा नकाशावरच लाल पेन्सिलीने खुणावाव्यात. अमेरिकेत बंदिस्त बालसंस्थांना लागू असलेला मापदंड जागेपणी आठ मुलांमागे एक आणि झोपेच्या वेळी सोळा मुलांमागे एक कर्मचारी असा आहे. आपल्या संस्थेत रात्री दोनच माणसं असणार असतील, तर दोन माणसांना जेवढं दिसेल तेवढंच पसरट बांधकाम करावं. कोपरा कॅमेऱ्याने झाकता येतो, हा भ्रम आहे: कॅमेरा घडलेलं दाखवतो आणि पडद्यासमोर कुणी बसलेलं नसेल तर तेवढंही नाही. न्हाणीघरात आणि कपडे बदलण्याच्या जागेत तो नसावाच.

आता आगीविषयी. 

८ मार्च २०१७ रोजी ग्वाटेमालात व्हर्हेन दे ला असुन्सिओन या सरकारी ‘सुरक्षित गृहा’त एकेचाळीस मुली जळून मेल्या. आदल्या दिवशी तिथून मुलं पळाली होती. पकडून आणलेल्या छप्पन्न मुलींना एका वर्गखोलीत कुलूप लावून ठेवलं होतं. आत गाद्यांना आग लागली आणि दार वेळेवर उघडलं गेलं नाही. आपल्याकडे ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एर्वाडीत मनोरुग्णांच्या आश्रयस्थानाला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेली अठ्ठावीस माणसं गेली. दोन्हीकडे माणसं आत अडकली ती पळून जाण्याच्या भीतीने लावलेल्या बंदोबस्तामुळे.

या भीतीचं उत्तर बांधकामात देता येतं. इमारतीपासून पुरेसं दूर, पण आवाराच्या भिंतीच्या आत एक मोकळं अंगण ठेवावं आणि आणीबाणीची सगळी दारं त्या अंगणात उघडावीत. मुलं बाहेर पडली तरी आवारातच राहतात, हे रात्रपाळीच्या एकट्या काळजीवाहकाला ठाऊक असलं की धूर दिसताच दार उघडायला त्याचा हात थरथरत नाही. त्या अंगणाला बंब आत येईल इतकं रुंद स्वतंत्र फाटक हवं. प्रत्येक शयनकक्षाला विरुद्ध दिशांना दोन दारं हवीत. रात्री कामावर असलेल्या प्रत्येकाच्या कमरेला किल्ली असावी आणि ती धुरात, अंधारात बोटांनी ओळखता यावी. कार्यालयाच्या कपाटातल्या जुडग्याचा उपयोग नाही. विजेवर चालणारी कुलपं बसवायची झाली तर वीज जाताच ती उघडतात की बंदच राहतात, हे विचारून घ्यावं. उघडणारी असतील तर भारनियमनाच्या संध्याकाळी सगळी इमारत मोकळी होते, बंद राहणारी असतील तर आगीत सापळा होतो. म्हणून बॅटरीचा आधार, आगीच्या घंटेला जोडलेली सुटका आणि दोन्ही बाजूंनी हाताने उघडण्याची सोय, तिन्ही लागतात. खिडकीची जाळी पक्की हवी. तरी प्रत्येक खोलीतली एक तरी जाळी बाहेरून कुलूप काढून उघडणारी असावी. गाद्या लवकर पेट न घेणाऱ्या घ्याव्यात.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला, ज्याला सगळे ‘फॉर्म बी’ म्हणतात, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. स्वयंपाकघर, शयनकक्ष, कोठार आणि समुपदेशन खोलीत अग्निशामक हवेत, वीजजोडणीची वेळोवेळी तपासणी हवी, असं आदर्श नियमही सांगतात. कागद पूर्ण असले तरी सराव मात्र रात्री दोन वाजता, रात्रपाळीच्याच माणसांनिशी करून पाहावा. दुपारी अधीक्षक, लिपिक, शिक्षक सगळे हजर असताना केलेल्या सरावातून काहीच कळत नाही.

स्वतःला इजा करण्याचा धोका या मुलांत मोठा असतो, विशेषतः आल्यानंतरच्या पहिल्या काही रात्री. कोटा शहरात विद्यार्थ्यांच्या आत्महत्या वाढल्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या जिल्हा प्रशासनाने वसतिगृहांतल्या छताच्या पंख्यांना ठरावीक वजनानंतर खाली सरकणारी स्प्रिंगची यंत्रणा बसवायला सांगितलं. त्यावर टीका झाली, आणि ताणाचं मूळ पंख्यात नाही हा आक्षेप रास्तच होता. तरीही हाताशी साधन नसलं तर तो क्षण टळण्याची शक्यता वाढते, हे मानसोपचार क्षेत्रात पक्कं मान्य आहे. म्हणून न्हाणीघरात बाहेर आलेले नळ, टांगण्याचे पक्के हुक, पडद्यांचे गज, उघड्या पाइपलाइनी टाळाव्यात. वजन पडताच वाकणारे हुक आणि भिंतीत बसवलेले शॉवर मिळतात. न्हाणीघराची कडी बाहेरून उघडता यावी. मुलाने आतून पलंग लावला तरी उघडेल, म्हणून खोलीचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं असावं. नव्याने आलेल्या मुलाचा पलंग काळजीवाहकाच्या सर्वांत जवळ असावा. याला तर खर्चही नाही.

कोंडून ठेवण्याच्या खोलीचा मोह जवळपास प्रत्येक नकाशात डोकावतो. हवाना नियम एकांतवासाला शिक्षा म्हणून मनाई करतात; मानसिक आरोग्यसेवा कायदाही रुग्णाला एकांतात डांबू देत नाही. चिडलेल्या मुलाला शांत व्हायला जागा मात्र लागते. ती खोली कुलपाविना, मऊ बसकण आणि खिडकी असलेली, काळजीवाहक शेजारी बसू शकेल इतकी मोठी असावी. नकाशात त्या खोलीला बाहेरून कडी दाखवली असेल, तर ती खोडायला सांगावं.

वातावरणाच्या बाबतीत दिल्लीत ठरलेला मापदंड आपल्या हवामानाला जसाच्या तसा लागू पडत नाही. चंद्रपूर-नागपूरकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. तिथे वरच्या मजल्यावर स्लॅबखाली पंचवीस मुलं निजवली तर मध्यरात्रीपर्यंत कुणाला झोप येत नाही, आणि न झोपलेली मुलं दुसऱ्या दिवशी भांडतात. तिथे शयन खालच्या मजल्यावर, वर वर्ग आणि ग्रंथालय; गच्चीवर चायना मोझॅक किंवा पांढरा परावर्तक रंग. कूलर खिडकीबाहेरच्या पक्क्या कट्ट्यावर, मुलांचा हात वायरीला आणि पाण्याला पोचणार नाही असा, आणि दर आठवड्याला टाकी कोरडी करणारा माणूस नेमलेला, नाहीतर डेंग्यू ठरलेलाच. कोकणात प्रश्न उलटा. जून ते सप्टेंबर अंथरूण वाळत नाही आणि एकाची खरूज पंधरवड्यात साऱ्या खोलीची होते. तिथे पत्र्याखालची, चारी बाजूंनी हवा खेळणारी वाळवणाची मोठी जागा नकाशात आधी काढावी. दोऱ्या टांगायच्या असल्याने ती देखरेखीच्या नजरेत असावी.

उजेड, आवाज आणि रंग यांवर फार ठोकून बोललं जातं. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खिडकीतून झाडं दिसणाऱ्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा कमी दिवस राहावं लागलं आणि तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. तो अभ्यास प्रौढांचा आणि रुग्णालयातला होता, तरी खिडकीसमोर झाड ठेवायला हरकत काय! रंगाची गोष्ट वेगळी. १९७९ साली सिएटलच्या नौदल तुरुंगात एका कोठडीला गुलाबी रंग दिल्यावर कैदी शांत झाले, अशी बातमी जगभर पसरली आणि ठिकठिकाणी कोठड्या गुलाबी झाल्या. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत तो परिणाम टिकला नाही. म्हणून रंगाच्या सल्लागारावर पैसे घालवू नयेत, मुलांना निवडू द्यावा. पैसे घालवावेत ते आवाजावर. छतापर्यंत टाइल्स, खाली कोटा फरशी आणि पन्नास स्टीलची ताटं अशा भोजनगृहात बोलणाऱ्याला ओरडावंच लागतं. टाइल्स चार फुटांवर थांबवून छताला आवाज शोषणारे, न पेटणारे बोर्ड लावले की फरक पहिल्या जेवणातच ऐकू येतो. शयनकक्षात रात्रभर ट्यूबलाइट चालू ठेवण्याऐवजी गुडघ्याच्या उंचीवर मंद दिवे असावेत.

इमारत ताब्यात घेण्याआधी काळजीवाहक, स्वयंपाकी आणि अधीक्षक यांनी तिथे दोन-तीन रात्री मुक्काम करावा. गळका नळ, न दिसणारा कोपरा, आतून न उघडणारं दार तेव्हाच सापडतं. पुढची जबाबदारी तपासणी समितीची. बाल न्याय कायद्याच्या कलम ५४ नुसार ही समिती किमान तीन जणांची असते, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी हवेतच, आणि तीन महिन्यांतून एकदा तरी भेट सक्तीची असते. भेट सकाळी सहाला ठेवावी. न्हाणीघरापुढची रांग पाहावी, शेवटच्या मुलापर्यंत पाणी पोचतं का ते नळ सोडून बघावं, आणीबाणीच्या दाराची किल्ली मागून ते स्वतः उघडावं. कार्यशाळेत यंत्रांऐवजी जुन्या खाटा आणि तांदळाची पोती रचलेली असतील तर तसं अहवालात लिहावं. मग अधीक्षकांना बाहेर थांबायला सांगून मुलांच्या समितीबरोबर बसावं आणि रात्री कुठे भीती वाटते, एवढंच विचारावं. जी जागा मुलं सांगतील तिथे दिवा, खिडकी किंवा माणूस, यांपैकी काय कमी आहे ते त्याच दिवशी जाऊन पाहावं.